कोंबड्यांच्या घरातील गादी

व्यापारी कुक्कुटपालनात मांसासाठी वाढविलेले हजारो पक्षी एकाच छपराखाली जमिनीवर राहतात. त्या जमिनीवर वनस्पतिजन्य पदार्थाचा 5 ते 8 सेंटिमीटर जाडीचा थर पसरतात. त्यास गादी म्हणतात. भारतात यासाठी बहुधा भाताचे तूस वापरले जाते. परंतु तेच तूस कारखान्यांच्या बॉयलरांत व वीटभट्ट्यांत जळण म्हणूनही खपते. भातगिरण्यांपासून दूरच्या प्रदेशात ते महाग पडते. मग त्याच्याऐवजी काय वापरावे?

उत्तर शोधण्यापूर्वी गादीचे कार्य समजून घेतले पाहिजे. पक्ष्यांच्या विष्ठेत यूरिक आम्ल असते. गादी ओली राहिली म्हणजे सूक्ष्मजंतू त्याचे विघटन करतात व अमोनिया वायू निर्माण होतो. त्यामुळे पक्ष्यांचे डोळे व श्वसनमार्ग यांना इजा पोहोचते. ओलाव्याने तळपायांस व्रण पडतात आणि रक्ती हगवणीचे परजीवी फोफावतात. म्हणून गादीने नुसते पाणी शोषून भागत नाही. शोषलेले पाणी तिने हवेत सोडलेही पाहिजे. तिच्यातील ओलावा 20 ते 25 टक्के असावा.

या कसोटीवर निरनिराळे पदार्थ पारखता येतात. लाकडाचा भुसा पाणी चांगले शोषतो. मात्र तो फार बारीक असल्यास धूळ उडते, आणि रसायने लावलेल्या लाकडाचा भुसा अपायकारक ठरतो. गव्हाच्या काडावर मेणचट आवरण असते. ते बारीक कापल्यावाचून उपयोगी पडत नाही. उसाचा चोथा पुष्कळ पाणी धरतो, परंतु त्याची ढेपळे बनतात. केरळ व तामिळनाडूत मिळणारा काथ्याचा भुसा आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो. तो आधी नीट वाळवावा लागतो. गुजरातेत भुईमुगाची टरफले मुबलक मिळतात. दमट जागी साठविल्यास त्यांस बुरशी येते. बुरशीचे बीजाणू पिलांच्या फुप्फुसांत शिरून त्यांचा प्राण घेऊ शकतात. म्हणून कुबट वासाचा पदार्थ कितीही स्वस्त मिळाला तरी वर्ज्य समजावा.

गादीची परीक्षा सोपी आहे. मूठभर गादी दाबून सोडावी. घट्ट गोळा राहिला तर ती फार ओली. मुळीच न चिकटता धूळ उडाली तर फार कोरडी. किंचित चिकटून लगेच विखुरली तर योग्य.

विद्यार्थ्यांना हा प्रयोग करता येईल. तूस, भुसा व कापलेले काड प्रत्येकी 100 ग्रॅम घेऊन भिजवावे, निथळून तोलावे, व सावलीत पसरून दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलावे. पहिल्या वाढीवरून शोषण कळेल, नंतरच्या घटीवरून वाळण्याचा वेग. आपल्या गावी कोणता पदार्थ योग्य, याचा निर्णय या दोन्ही आकड्यांवरून करावा.