सरवा वेचणाऱ्या तिघी



बोदलकसा परिसरात धानकापणी झाली, भारे उचलले गेले, की काही मायबहिणी बांध्यांत वाकून पडलेल्या लोंब्या वेचताना दिसतात. आम्हीही कितीदा त्यांच्याकडे न पाहता पुढे गेलो आहोत. आज एका फ्रेंच चित्राविषयी लिहीत आहोत ते याच कारणाने.

झां-फ्रांस्वा मिले (१८१४–१८७५) हा नॉर्मंडीतील शेतकऱ्याचा मुलगा. १८५७ साली त्याने ‘सरवा वेचणाऱ्या’ हे चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले. तीन गरीब स्त्रिया. दोघी पूर्ण वाकलेल्या, तिसरी अर्धवट. हातात मूठभर लोंब्या. दूर मागे मोठमोठी पुंजणी, भरलेली गाडी आणि घोड्यावरचा मुकादम. पुष्कळ सुखवस्तू शहरवासीयांना चित्र खटकले. १८४८ च्या क्रांतीला नऊच वर्षे झाली होती. गरिबांना एवढ्या मोठेपणाने रंगवणे त्यांना धोक्याचे वाटले.

सरवा ही भीक नव्हे. शेत कोपऱ्यापर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, तो गरीब व परदेशी यांच्यासाठी राहू द्या, अशी आज्ञा लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. रूथ याच हक्काने बवाजच्या शेतात गेली. मिलेने १८५३ साली रूथ व बवाज यांचेही चित्र प्रदर्शित केले होते. त्यात मालक त्या परक्या स्त्रीला जेवायला बसलेल्या मजुरांजवळ घेऊन येतो. चार वर्षांनंतरच्या चित्रात बवाज नाही. मुकादम आहे, तोही लांब. आम्हाला हा फरक फार बोलका वाटतो.

मिलेचे ‘आंजेलस’ तुमच्यापैकी काहींनी कॅलेंडरवर पाहिले असेल: बटाट्याच्या शेतात, घंटा ऐकून माना खाली घालून उभे राहिलेले जोडपे. घंटा होताच आजी सर्वांना काम थांबवून गरीब मृतांसाठी प्रार्थना करायला लावीत असे, ही मिलेची लहानपणची आठवण. आपल्याकडे बाबूराव पेंटर (तेही मुळात चित्रकारच) यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ या मूकपटात कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी दाखवला.

ज्यांच्याकडे हार्वेस्टर लागतो त्यांना ठाऊक आहे की यंत्र बांधीच्या कोपऱ्यात नीट वळत नाही. तेथले धान विळ्यानेच कापावे लागते. लेवीय पुस्तकातला कोपरा तो हाच. यंदा तो कोणासाठी ठेवता येईल, यावर पुढील रविवारी मिस्सेनंतर बसून बोलू.