चव घरची, सही तुझी

बाय, जेसल पार्कातल्या तुझ्या स्वयंपाकघरातून बॉटल मसाला विकायला काढतेस, ऐकून मला फार आनंद झाला. आपली ईस्ट इंडियन ख्रिस्ती माणसं उत्तन, डोंगरी, गोराईकडची. इथे भायंदर पूर्वेला आपली घरं मोजकीच; शेजार गुजराती, मारवाडी, जैन, घाटावरच्या आणि उत्तरेकडच्या लोकांचा. तुझा मसाला ओळखणारे थोडे, त्याचं नाव पहिल्यांदाच ऐकणारे पुष्कळ. म्हणून काही गोष्टी आधीच सांगून ठेवते.

दोन प्रती करू नकोस. आपला मसाला वर्षातून एकदा, पावसाच्या आधी होतो. मिरच्या, हळद, धणे, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर असे वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळतात, एकेक करून भाजले जातात, मग कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरले जातात. उजेडाने रंग उडतो, म्हणून ती बाटली. कोणी म्हणेल, खसखस महाग आहे, ती काढून स्वस्तातला मसाला कर. ऐकू नकोस. गिरगावात 15 मार्च 1959 ला सात गुजराती बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. तेच पुढे लिज्जत झालं. सुरुवातीला त्या चांगला आणि हलका असे दोन प्रकारचे पापड करत. पैसे देणाऱ्या छगनलाल पारेखांनी सांगितलं, एकच पापड करा, दर्जा सोडू नका आणि हिशेब चोख ठेवा. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. परमुलखात आलेल्या बाईची पत तिच्या मालावरून ठरते, हे त्यांच्याकडून शीक.

वजन शेवटचं धर. मिरची उन्हाळ्यात, नवा माल आला की घे. देठं काढल्यावर, वाळवल्यावर आणि भाजल्यावर ती बरीच कमी भरते. भाव काढायचा तो तयार मसाल्याच्या वजनावर, आणलेल्या मिरचीच्या वजनावर नाही. त्यात गॅस किंवा लाकूड, कुटणावळ, बाटली, झाकण, लेबल, रिक्षाभाडं आणि तुझी स्वतःची मजुरी धर. घरची बाई मजुरी धरत नाही आणि वर्षाअखेरीला विचारते की एवढं विकून हातात काही का उरलं नाही. कुटणाऱ्या बायांना ठरलेले पैसे त्याच दिवशी दे.

पावसाची तजवीज आधी कर. लिज्जतच्या बायकांचं काम पहिल्या पावसाळ्यात चार महिने बंद पडलं, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. जेसल पार्क खाडीला लागून आहे, इथली हवा दमट. मेअखेर सगळा माल भरून झालेला हवा. बाटली कोरडी ठणठणीत हवी, ओला चमचा आत जाता कामा नये, आणि हे गिऱ्हाइकालाही सांग.

अनोळखी माणूस लेबल वाचतो. आपल्या गावची बाई वासावरून मसाला ओळखेल. शेजारची जैन बाई आधी विचारेल, यात लसूण आहे का, भांडी कोणती वापरता. खरं ते सांग. मसाल्याचं उखळ, चाळण, कढई वेगळी ठेव आणि सुके बोंबील त्या खोलीत आणूच नकोस. जिन्नस, वजन, तारीख, पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण बाटलीवर छाप. खाण्याचा माल विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी लागतेच. तिचा 14 आकडी क्रमांकही छाप. आणि एक ओळ वाढव: भेंडीत, बटाट्याच्या भाजीत, डाळीत एक चमचा. मासळी न खाणाऱ्या घराला हा मसाला कशात घालायचा ते कळलं, तरच बाटली संपेल आणि दुसरी मागवली जाईल.

उधारी नाही, नात्यातही नाही. लग्नाची किंवा सणाची मोठी ऑर्डर आली तर निम्मे पैसे आधी घे. धंद्याचं बँक खातं घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं ठेव आणि रोजचं रोज वहीत लिही.

कागदावर सही तुझी. हा सगळ्यांत महत्त्वाचा कानमंत्र. उद्यम नोंदणी फुकट होते, ती तुझ्या नावाने कर. खातं तुझं, नोंदणी तुझी, लेबलवरचं नाव तुझं. नवरा आणि मुलगा मदत करतील, करू देत. पण बाई राबते आणि मालक म्हणून दुसऱ्याचं नाव लागतं, असं पुष्कळ घरांत झालंय. मुद्रा योजनेत शिशु गटाला 50,000 रुपयांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. ख्रिस्ती समाज 1993 पासून आणि जैन समाज 2014 पासून केंद्राच्या अल्पसंख्याक यादीत आहे. राज्याचं मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे, तिथे जाऊन आपल्यासाठी काय योजना आहेत ते विचार. शेजारी खाखरे विकणाऱ्या जैन बाईलाही सोबत ने.

काउंटरवर नाही म्हणाले तर कारण लिहून माग. माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायका चेतना सिन्हांबरोबर स्वतःची बँक काढायला निघाल्या, तेव्हा वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला. त्या लिहाय-वाचायला शिकल्या, परत गेल्या, आणि 1997 साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या दलित घरातल्या कल्पना सरोज शिवणकामापासून सुरुवात करून कर्जात आणि खटल्यांत बुडालेल्या कमानी ट्यूब्स कंपनीपर्यंत पोचल्या. दंड आणि व्याज माफ करा, हे बँकांना सांगायला त्या कचरल्या नाहीत. 2013 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे ओळखी नसतात, वशिला नसतो. म्हणून पूर्ण भरलेला कागद आणि परत जायची तयारी, एवढं आपल्या हातात हवंच.

पहिल्या बाटल्या आपलीच माणसं घेतील, मायेने घेतील. त्यावर धंदा उभा राहील, पण वाढायचा नाही. जी अनोळखी बाई दुसऱ्यांदा बाटली मागायला येईल, तिचं नाव वहीत लिहून ठेव. तिला काय आवडलं, काय खटकलं ते विचार, आणि पुढच्या मे महिन्यात किती मसाला कुटायचा ते अशा नावांवरून ठरव.