कॉन्सर्टिनाची बटणं कुणी ठरवायची? एक पाठ



पेटी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. परिपाठात, भजनात, स्नेहसंमेलनात ती असतेच. आज तिच्या एका लांबच्या नातलगाबद्दल लिहितोय. नाव कॉन्सर्टिना. दोन तळहातांत मावणारी सहा कोनी डबी, मधोमध घड्यांचा भाता आणि दोन्ही टोकांना छोटी गोल बटणं. भाता दाबला किंवा ओढला की हवा आतल्या धातूच्या पातळ पट्टीतून जाते आणि पट्टी थरथरून सूर निघतो. पेटीतही हेच घडतं. पण पेटीच्या पट्ट्या सगळीकडे एकाच क्रमाने लागलेल्या असतात. कॉन्सर्टिनात तसं नाही. कुठलं बटण कुठे असावं याची वेगवेगळी उत्तरं गेली जवळपास दोनशे वर्षं शेजारीशेजारी नांदतायत. म्हणूनच मला हे वाद्य चौथी-पाचवीच्या वर्गासाठी फार उपयोगी वाटतं.

इंग्लंडमध्ये या वाद्याचं मूळ पेटंट १८२९ सालचं, चार्ल्स व्हीटस्टन यांचं. बारावीला विज्ञान घेतलेल्यांना नाव ओळखीचं वाटेल. भौतिकशास्त्रातला ‘व्हीटस्टन सेतू’ ज्यांच्या नावाने आहे तेच हे गृहस्थ. घराण्याचा धंदा वाद्यांचा होता. जर्मनीत केम्निट्झ गावी कार्ल उलिग यांनी १८३४ साली वेगळ्याच मांडणीची कॉन्सर्टिना बनवली. पुढे या जर्मन पद्धतीला इंग्रजी कारागिरीची जोड मिळून ‘अँग्लो’ कॉन्सर्टिना तयार झाली. आयर्लंडमध्ये, विशेषतः पश्चिमेकडच्या क्लेअर परगण्यात, आज हीच वाजते. तिथल्या मिलटाउन मालबे गावी १९७३ पासून दर उन्हाळ्यात विली क्लॅन्सी यांच्या नावाने संगीताची शाळा भरते. तिथे मुलंही असतात आणि आजोबाही.

आता मुद्द्याकडे येऊ. समजा क्लेअरमधल्या एखाद्या बारा वर्षांच्या मुलीला चांगली कॉन्सर्टिना हवी आहे. दुकानात जाऊन उचलून आणली, असं सहसा होत नाही. उत्तम वाद्य करणारे कारागीर मोजके. प्रत्येक सूर हाताने घासून लावायचा, चामड्याचा भाता हाताने बांधायचा. तीस बटणांची कॉन्सर्टिना म्हटली तरी आत साठ सूर असतात. कारण एक सूर हवेच्या एकाच दिशेला बोलतो, दाबायला वेगळा लागतो आणि ओढायला वेगळा. (हा गुणाकार मुलांकडून करून घ्या. अठ्ठेचाळीस बटणांच्या कॉन्सर्टिनात किती सूर, तेही विचारा.) त्यामुळे नाव नोंदवल्यावर वाट बघावी लागते, नावाजलेल्या कारागिराकडे तर काही वर्षं. पैसे काही हजार युरो. आणि कारागीर नोंदणीच्या वेळी किंवा कामाला हात घालण्याआधी विचारतो, ‘बटणांची मांडणी कुठली ठेवू?’

हा प्रश्न पालकांसाठी अवघड असतो. मुलीचा हात अजून तयार नाही आणि ठरवायचंय मात्र आता. एखादा सूर नंतर बदलता येतो, पण अख्खी पद्धत बदलायची तर दुसरंच वाद्य घ्यावं लागतं. शिवाय बोटांना एकदा वळण लागलं की ते सुटणं कठीण.

मुख्य पद्धती तीन. ‘इंग्लिश’ पद्धतीत बटण दाबताना आणि ओढताना सूर तोच राहतो. गंमत अशी की सप्तकातला एक सूर डाव्या हाताला, पुढचा उजव्या हाताला, असं आलटूनपालटून चालतं. पाश्चात्त्य स्वरलेखनात पाच रेषा असतात. रेषेवरचे सूर एका हाताकडे आणि दोन रेषांमधल्या जागेतले दुसऱ्या हाताकडे. ‘ड्युएट’ पद्धतीत खालचे सूर डावीकडे आणि वरचे उजवीकडे, म्हणजे पेटीवर दोन हात ठेवल्यासारखं. तिसरी अँग्लो. तिच्यात एकच बटण दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. तीवर थोडं थांबू, कारण वर्गातला पाठ तिच्यातच दडलाय.

पुठ्ठ्याच्या पट्टीवर पाच गोल काढा. अँग्लोच्या उजव्या हाताच्या मधल्या ओळीतली ही पाच बटणं. पहिलं दाबताना सा, ओढताना खालचा नी. दुसरं दाबताना ग, ओढताना रे. तिसरं प आणि म. चौथं वरचा सां आणि ध. पाचवं दाबताना वरचा गं, ओढताना नी. आता मुलांना सांगा, या पट्टीवर सारेगमपधनीसां वाजवायचं तर कुठलं बटण, दाबून की ओढून, ते वहीत लिहा. एकाने सूर म्हणायचे, दुसऱ्याने बोट ठेवायचं, तिसऱ्याने दोन्ही हात जवळ आणून किंवा लांब नेऊन भाता व्हायचं. मला भाता होणारं मूल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण चूक झाली तर ती त्याच्याच हाताला आधी कळते.

सुरुवात सोपी जाते. एक दाब, दोन ओढ, दोन दाब, तीन ओढ, तीन दाब, चार ओढ. मुलं ठेका धरतात, आता पुढचं त्यांना पाठ झालंय असं वाटतं. आणि मग गडबड! ध ओढून वाजवला, नीही ओढूनच, आणि तोही चौथ्या नाही तर पाचव्या बटणावर. सांसाठी परत मागे चौथ्यावर यायचं. ‘गुरुजी, इथे चुकलंय’ असं वर्गात कुणीतरी म्हणतंच.

चुकलेलं नाही. दाबायच्या बाजूला फक्त तीन सूर फिरत राहतात, सा ग प, सा ग प. ओढायच्या बाजूला उरलेले चार, रे म ध नी. तीनांची रांग आणि चारांची रांग बाजूबाजूला लावली की ती एकमेकांपासून सरकत जाणारच. तीन आणि चारच्या पाढ्यांतल्या संख्या फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखवल्या की मुलांना लगेच पटतं. आणि तीनच सूर एका बाजूला का ठेवले? तर सा, ग, प एकत्र वाजले तरी कानाला गोड लागतात. नवशिक्याने दाबताना शेजारची दोन-तीन बटणं एकदम दाबली तरी बेसूर होत नाही. मांडणी करणाऱ्याने शिकणाऱ्याचा विचार केलेला दिसतो.

आता त्या मुलीच्या निवडीकडे परत येऊ. आयर्लंडमध्ये प्रचलित अँग्लोत एक ओळ आपल्या पांढरी एकची, दुसरी पांढरी पाचची. तिथल्या बऱ्याच चाली मात्र पांढरी दोनला सा धरून वाजतात. त्यासाठी काळी तीन आणि काळी एक लागते. काळी तीन दुसऱ्या ओळीत मिळते. काळी एक मिळते ती तिसऱ्या ओळीत, आणि मांडणीचा खरा वाद तिथेच आहे. व्हीटस्टन नावाने ओळखल्या जाणाऱ्या मांडणीत उजव्या हाताकडचा काळी एकचा मधला सूर एकाच दिशेला मिळतो. जेफ्रीज नावाच्या मांडणीत तोच सूर शेजारशेजारच्या दोन बटणांवर, एकदा दाबताना आणि एकदा ओढताना, असा दोन्हीकडे मिळतो. ऐकायला एका सुराची बाब. पण जलद चालीत भाता मध्येच उलटा फिरवावा लागतो की नाही, हे त्यावर ठरतं. जेफ्रीजमध्ये त्या बदल्यात तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या काही सुरांची सोय बदलते. फुकट काहीच नाही.

माझं मत विचाराल तर पालकांनी ‘सगळ्यात चांगली कुठली?’ असं विचारूच नये. मुलीला कुठल्या चाली वाजवायच्या आहेत आणि ज्यांच्याकडे ती शिकते त्यांच्या हातात काय आहे, हे विचारावं. गुरूची मांडणी वेगळी असेल तर त्यांची बोटं बघून शिकता येणार नाही. लहान मुलं तर बघूनच शिकतात. वाट बघण्याची वर्षंही वाया जात नाहीत. ॲकॉर्डियनचे सूर बसवलेली कमी किमतीची कॉन्सर्टिना मिळते, तिच्यावर हात बसवता येतो. आणि ज्या दोन मांडण्यांमध्ये मन अडकलंय त्यांचे तक्ते कागदावर काढून, आवडत्या पाच-सहा चाली दोन्हींवर लिहून बघता येतात. भाता कुठे किती वेळा उलटतो ते मोजायचं. आपण वर्गात पुठ्ठ्यावर करतो तेच.

ड्युएटमधली एक मांडणी मात्र आपल्या शाळांना थेट लागू पडते. स्वित्झर्लंडमध्ये कास्पार विकी यांनी १८९६ मध्ये आणि पुढे इंग्लंडमध्ये ब्रायन हेडन यांनी स्वतंत्रपणे सुचवलेली. बटणं विटांच्या भिंतीसारखी. खालच्या थरात सा रे ग, वरच्या थरात म प ध नी, त्याच्या वर पुन्हा सां. प बसतो सा आणि रे यांच्या मधोमध वरती. कुठल्याही बटणाला सा माना, बटणं पुरेशी असतील तर बोटांचा आकार तोच राहतो. चौकटीच्या वहीवर एक थर अर्धा चौकोन सरकवून काढून बघा, मुलांना फार आवडतं.

पेटीवर असं होत नाही. पांढरी एकची बोटं वेगळी, काळी चारची वेगळी. म्हणून पट्टी सरकवता येणाऱ्या स्केलचेंजर पेट्या निघाल्या, पण त्या महाग. आपल्याकडे अनेक शाळांत परिपाठाची प्रार्थना त्याच पट्टीत होते जी पेटी वाजवणाऱ्याच्या बोटांना सोपी आहे. आवाज फुटायला लागलेली सातवीची मुलं मग वरच्या सुरावर नुसते ओठ हलवतात आणि आपण त्यांना ‘तोंड उघडा’ म्हणून दटावतो. या आठवड्यात एकदा पेटी बाजूला ठेवून त्या मुलांना स्वतःच्या सोयीच्या सुरात प्रार्थना म्हणायला सांगा आणि ते कुठे सा धरतात ते नंतर पेटीवर शोधा. आमच्या वर्गात तो तीन पट्ट्या खाली निघाला. पुठ्ठ्यावर विटांची मांडणी काढली असेल तर त्यांच्याच हाताने तो सा तिथे सरकवून घ्या.