रुग्णालयातील रांग का वाढते?

रुग्णालयातून ‘तारीख’ मिळाली, हे वाक्य तुमच्यापैकी पुष्कळांनी घरी ऐकले असेल. पनवेल तालुक्यातील एखाद्या रुग्णाला शस्त्रक्रिया हवी असली, की तो प्रथम उपजिल्हा रुग्णालयात केसपेपर काढतो. तेथे त्या विषयाचा तज्ज्ञ नसेल, तर चिठ्ठी घेऊन अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मुंबईच्या जे. जे., के. ई. एम. यांसारख्या मोठ्या रुग्णालयात जातो. तपासणी होते, यादीत नाव चढते आणि पुढची तारीख मिळते.

ही रांग का लागते? ‘रुग्ण फार आणि डॉक्टर कमी म्हणून’, असे आपण चटकन म्हणतो. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. गरजेपेक्षा क्षमता थोडी जास्त असली, तरीही रांग लागते! कशी, ते एका फाशाच्या साहाय्याने पाहू.

समजा, एका शस्त्रक्रियागृहात रोज ४ शस्त्रक्रिया होऊ शकतात. रोज किती नवे रुग्ण येतात, ते फासा टाकून ठरवू. फाशाची सरासरी ३.५ आहे, म्हणजे क्षमता पुरेशी आहे. दहा दिवसांचे दान असे पडले: ३, ६, ५, १, २, ६, ४, ६, १, १. बेरीज ३५. दहा दिवसांत ४० शस्त्रक्रिया शक्य होत्या. आता रोज संध्याकाळी किती रुग्ण शिल्लक राहिले, ते मांडा: ०, २, ३, ०, ०, २, २, ४, १, ०. यांची बेरीज १४. म्हणजे रुग्णांना सर्व मिळून १४ दिवस थांबावे लागले.

याचे कारण असे, की पहिल्या दिवशी ३ च रुग्ण आले आणि एका शस्त्रक्रियेची वेळ रिकामी गेली. ती दुसऱ्या दिवशी वापरता आली नाही. पाणी टाकीत साठवता येते, वेळ साठवता येत नाही.

आता क्षमता ४ ऐवजी ५ करा आणि तेच दान पुन्हा मांडा. थांबण्याचे दिवस केवळ ४ उरतात. क्षमता एकचतुर्थांशाने वाढली, पण थांबणे सत्तर टक्क्यांहून अधिक घटले!

रांगेचे हे गणित प्रथम मांडले ते डेन्मार्कच्या ए. के. एर्लांग यांनी, १९०९ साली, कोपनहेगनच्या टेलिफोन केंद्रासाठी. त्यातील सर्वांत सोप्या उदाहरणात एकच सेवक असतो व ग्राहक केव्हाही येतात. सेवक ५० टक्के वेळ कामात असेल, तर सरासरी १ ग्राहक तेथे असतो. ८० टक्क्यांना ४, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९! म्हणून शस्त्रक्रियागृह क्षणभरही रिकामे राहू नये, असा हट्ट धरला की रांग बेसुमार वाढते. पनवेलजवळून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. अपघातातील जखमींना तारीख देता येत नाही. थोडी जागा राखून ठेवली नसेल, तर त्या दिवशीच्या ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागतात.

दुसरा नियम जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला. रांगेतील सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी काळ. समजा, यादीत ६०० नावे आहेत. आठवड्याला २० नवी नावे येतात आणि तेवढ्याच शस्त्रक्रिया होतात. मग प्रत्येकाला सरासरी ३० आठवडे थांबावे लागेल. शिबिर भरवून ही यादी एकदा संपवली, तर ती बरीच काळ आटोक्यात राहील. पण दर आठवड्याला २१ नावे येत असतील, तर वर्षभरात पुन्हा ५२ जण मागे उरतील. म्हणून नुसती यादीची लांबी पाहून भागत नाही. नावे येण्याचा आणि शस्त्रक्रिया होण्याचा, असे दोन्ही वेग मोजावे लागतात. यादीही तपासावी लागते, कारण एकाच रुग्णाचे नाव दोन रुग्णालयांत असू शकते.

आता प्रश्न उरतो क्रमाचा. हर्निया अडकला, तर जिवावर बेतते. त्याला आधी घेतलेच पाहिजे. पण शस्त्रक्रियांना सारखाच वेळ लागत असेल, तर क्रम बदलून एकूण थांबणे कमी होत नाही. एकाचे घटते, ते दुसऱ्याच्या वाट्याला जाते. म्हणूनच क्रमाचे निकष सर्वांना माहीत हवेत. मृत्यूनंतर दान केलेल्या मूत्रपिंडाचे वाटप ओळखीवर होत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानंतर महाराष्ट्रात विभागीय समन्वय केंद्रे उभी राहिली. रक्तगट, वाट पाहण्याचा काळ अशा जाहीर निकषांवर तेथे क्रम लागतो. तेथे शस्त्रक्रियागृहे वाढवून रांग हटत नाही; दाते वाढावे लागतात.

वर्गात हा प्रयोग ३० दिवसांसाठी करून पाहा. क्षमता ३, ४ आणि ५ घेऊन तीन आलेख काढा. क्षमता ३ असताना रांग कोठवर जाते, ते मुद्दाम पाहा. मात्र आलेखातील प्रत्येक बिंदूमागे घरी तारखेची वाट पाहणारा एक माणूस आहे, हे विसरू नका.