पत्रपेटीवर नाव नसलेली भाडेकरू

मी स्टुटगार्टमध्ये एका मराठी मुलाची तक्रार केली, ही बातमी माझ्याआधी वसईजवळच्या आमच्या वालीवला पोचली होती. सुट्टीत घरी आले तर नाक्यावरच एका काकूंनी गाठलं. ‘‘परक्या मुलखात आपलीच माणसं उपयोगी पडतात गं. थोडं सांभाळून घ्यायचं होतंस.’’ भर रस्त्यात काय बोलणार? मान हलवली आणि भाजी घेऊन घरी आले. तिथे गिळलेलं सगळं इथे सांगते.

अर्ज, व्हिसा, कर्ज यांबद्दल मी लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत असतं, आणि नसलं तर पैसे घेऊन सांगणारे वसई स्टेशनाबाहेर जागोजागी बसलेत. मला बोलायचंय ते खोलीबद्दल. कारण तिथे अडलं की बाकीचं सगळंच लटकतं.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. दोघींमध्ये बाकी साम्य शोधावं लागतं, भाड्याच्या खोलीची मारामार मात्र अगदी सारखी. वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांबलचक, आणि ऑक्टोबरात सेमिस्टर सुरू होताना सगळे एकदमच खोली शोधत असतात. अशा वेळी आईच्या ओळखीतून हा दादा सापडला. आमच्याच पट्ट्यातला, तिकडे नोकरीला लागलेला. चार खोल्यांचं घर भाड्याने घेऊन त्यातल्या तीन खोल्या विद्यार्थ्यांना दिलेल्या. पप्पांचा वालीवला लेथचा गाळा आहे. तो घेताना करार रजिस्टर होईपर्यंत त्यांनी चावीला हात लावला नव्हता. त्याच पप्पांना दादाच्या घरच्यांनी असं काही गोड बोलून घोळात घेतलं, की ‘‘आपला मुलगा आहे, कागद कसले मागायचे?’’ म्हणत चार महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट त्यांनी त्याच्या इथल्या खात्यात भरूनही टाकलं.

दादाचं बोलणं लाघवी. आईने दिलेला मसाला त्याने पहिल्याच आठवड्यात अर्धा केला, त्याचं मला काही नाही. पण त्याच आठवड्यात त्याने मला समजावलं, की इथे टीव्ही-रेडिओची फी असते, महिना १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी भरावी लागते. तेवढं खरं आहे. त्याने सांगितलं नाही ते हे, की ही फी माणशी नसून घरामागे एकच असते. तो आम्हा तिघांकडूनही पूर्ण घ्यायचा. म्हणजे स्वतःची फुकट, वर दोन फिया खिशात.

मग केरवोखे. स्टुटगार्टच्या बाजूला ही जुनी पद्धत आहे: जिना आणि सामायिक जागा भाडेकरूंनी आठवड्याच्या पाळीने झाडून-पुसून काढायची, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी अडकवलेली असते. आमच्या घराची पाळी आली की बादली माझ्याच हातात. ‘‘तुला सवय असेल ना,’’ म्हणायचा. मुलांना नसते म्हणे.

पण हे सगळं किरकोळ. खरा प्रकार पत्रपेटीचा.

जर्मनीत पत्त्यावर सहसा खोलीचा किंवा मजल्याचा नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो आणि पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र आल्या वाटेने परत. आणि तिथे सगळं अजून पत्रानेच येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, विम्याचं कार्ड तिसऱ्यात. मी वहीचा कागद कापून त्यावर आडनाव लिहिलं आणि पेटीवर चिकटपट्टीने लावलं. दोन दिवसांनी कागद गायब. पावसाने पडला असेल म्हणून दुसरा लावला, या वेळी वरून खालून पट्टी. तोही गेला. पेटीवर पट्टीचा चिकट चौकोन तेवढा उरलेला. इकडे बँक सांगतेय, पिन पाठवला होता, परत आला. खर्चासाठी बंद खात्यात भरून ठेवलेल्या पैशांतले महिन्याचे ९९२ युरो माझ्या खात्यात येऊन पडलेले, आणि मला ते काढता येईनात. मैत्रिणीकडून उसने घेऊन मी पाव आणि दही खात होते.

तळमजल्यावर एक आजी राहायच्या. जिना नीट पुसलाय की नाही हे बघायला दार किलकिलं करून उभ्या असायच्या, त्यामुळे मला त्यांचा रागच यायचा. एका शनिवारी मी तिसऱ्यांदा कागद चिकटवत होते, तर त्या बाहेर आल्या आणि माझ्या मोडक्या जर्मनला समजेल इतकं सावकाश म्हणाल्या, ‘‘वरचा तो तरुण काढतो. मी पाहिलंय.’’

मी तशीच वर गेले. विचारलं. दादा भांडी विसळत होता, वळलासुद्धा नाही. ‘‘नाव लावू नकोस. मालकाला कळलं तर मला घर सोडावं लागेल.’’ त्या एका वाक्यात सगळं आलं. मालकाची परवानगी न घेता त्याने आम्हाला पोटभाडेकरू ठेवलं होतं. माझी पत्रं परत जाताना तो बघत होता, आणि रोज संध्याकाळी ‘जेवलीस का’ विचारत होता.

पत्त्याच्या नोंदणीचं कोडंही तेव्हाच उलगडलं. जर्मनीत घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा दाखला लागतो. करार नको, भाड्याची पावती नको, तो दाखलाच हवा. पोटभाडेकरूला तो मुख्य भाडेकरू देऊ शकतो. मी मागितला की दादा म्हणायचा, ‘‘घाई काय आहे?’’ घाई ही होती, की नोंदणीशिवाय कर क्रमांक येत नाही, तो नसला तर पार्टटाइम कामाच्या पगारातून सगळ्यात जास्त कर कापला जातो, आणि निवास परवान्याचं गाडं पुढे सरकत नाही. माझ्या व्हिसाची मुदत सरत होती. त्याच्याकडे पक्का परवाना होता, त्याला कसली घाई?

आता त्या गाजलेल्या ‘तक्रारी’बद्दल. विद्यार्थ्यांसाठीच्या कायदा सल्ल्याच्या वेळेत मी जाऊन बसले. तिथल्या बाईंनी सांगितलं, की घर देणारा दाखला नाकारत असेल तर तसं नोंदणी कार्यालयाला ताबडतोब कळवणं ही राहणाऱ्याचीच कायदेशीर जबाबदारी आहे. मी कळवलं. एवढंच. माझ्यावर बंधनकारक होतं ते केलं. यावर दादाने आधी आवाज चढवला, मग हात जोडले, आणि शेवटी रात्री पप्पांना फोन करून सांगितलं, की तुमची मुलगी इथे येऊन बदलली. दाखला मात्र तिसऱ्या दिवशी टेबलावर होता.

इकडे लोक मला आनंदीबाई जोशींचं उदाहरण देतात. १८८३ साली एकटी मुलगी अमेरिकेला गेली, तिने नाही का निभावलं? निभावलं ना. पण तिला न्यू जर्सीत कार्पेंटरबाईंचं घर मिळालं होतं. परकी बाई, परका धर्म, आणि आनंदीबाई तिला मावशी म्हणत. मला माझी कार्पेंटरबाई तळमजल्यावर मिळाली, ‘आपल्या’ माणसात नाही.

जे जाणार आहेत त्यांच्यासाठी. पैसे देण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: नोंदणीचा दाखला देणार का? ‘बघू’ म्हणाला तर ती खोली सोडा, कितीही स्वस्त असो. पोटभाड्याने राहणार असाल तर मूळ मालकाची परवानगी दाखवायला सांगा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं घेता येतं, वीज-पाणी-हीटिंग त्यात धरायचं नाही, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे. माझ्याकडून चार महिन्यांचं घेतलं, ते बेकायदा होतं. द्याल ते बँकेतून, त्याच देशातल्या खात्यात, कशाचे पैसे ते लिहून. वसईच्या खात्यात भरलेल्या रुपयांचा माग तिकडे कोण काढणार? खोली ताब्यात घेताना भिंती, गादी, नळ, मीटर यांचे फोटो काढा. पहिल्याच दिवशी पत्रपेटीवर आणि बेलवर नाव लावा, आणि दुसऱ्या दिवशी ते आहे का बघा.

वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र हातात पडताच करा. मला शेवटी फायहिंगनला, विद्यापीठाजवळच, खोली मिळाली. खर्चाचा हिशोब करताना बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या बहुतेक विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो घेतं, हे विसरू नका. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ म्हणणारे हे सांगत नाहीत. परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, तारीख गेली की गेली. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच सामान भरा. भाषा शिका, मित्र जोडा, तब्येत सांभाळा, हे सगळेच सांगतात, मीही सांगते.

आपली माणसं भेटतील तेव्हा त्यांच्याकडे जेवायला जा, गणपतीला जा. घर मात्र कागदावर घ्या. आणि वालीव-गोखिवऱ्यातून कुणी निघत असेल तर पैसे भरण्याआधी करार मला आणून दाखवा, मी वाचून देईन. माझ्या डिपॉझिटमधले निम्मे पैसे अजून परत आलेले नाहीत.