घट्ट आवळले तरी ठोकळा तिरपा का?

भौतिकीच्या प्रयोगशाळेतील ऑप्टिकल बेंचसाठी मला भिंगे बसवण्याचे चार ठोकळे हवे होते. घरी एक छोटी मिलिंग मशीन आहे. तिच्या व्हाइसमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा धरला, वरची बाजू तासली आणि मायक्रोमीटरने जाडी मोजली. एका कडेला २०.०० मि.मी., समोरच्या कडेला १९.९१. मला वाटले, पकड सैल पडली असावी. दुसरा ठोकळा अधिक जोराने आवळला. या वेळी पातळ कड भरली १९.८८ मि.मी. तिसऱ्या वेळी दांड्यावर लोखंडी नळी चढवून आवळले. फरक आणखी वाढला! एक गोष्ट मात्र तिन्ही वेळा सारखीच होती. पातळ झालेली कड नेहमी व्हाइसच्या सरकत्या जबड्याकडची होती.

या एका गोष्टीत सगळे उत्तर दडलेले आहे. आणि मिलिंगसाठी व्हाइस कसा निवडावा, हेही त्यातूनच कळते.

लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर असते. मिलिंग मशीनवर याच्या उलट. दातेरी कटर जागच्या जागी फिरतो आणि टेबलावर घट्ट धरलेला जॉब त्याच्याखालून सरकतो. हा जॉब धरण्याचे काम व्हाइसचे. त्याला एक स्थिर जबडा असतो, एक सरकता जबडा असतो आणि त्याला पुढे ढकलणारा आटे पाडलेला स्क्रू असतो.

आधी पकडीचा हिशेब करू. समजा, २० सें.मी. लांबीच्या दांड्याच्या टोकाला आपण १५० न्यूटन बल लावले, म्हणजे सुमारे १५ किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला. दांड्याचा एक पूर्ण फेरा झाला, तर आपण केलेले कार्य २ × ३.१४ × ०.२ × १५० म्हणजे सुमारे १८८ ज्यूल. तेवढ्यात स्क्रू पुढे सरकतो फक्त ५ मि.मी. घर्षण मुळीच नसते, तर जबड्यावर १८८ भागिले ०.००५ म्हणजे जवळजवळ ३७,७०० न्यूटन बल आले असते. प्रत्यक्षात आट्यांतील घर्षणात पुष्कळ कार्य खर्ची पडते. कार्यक्षमता २० टक्केच धरू. तरीही ७,५०० न्यूटन हाती राहतात. (ही अल्प कार्यक्षमता दोष मानू नका. कार्यक्षमता ५० टक्क्यांहून कमी असल्यामुळेच दांडा सोडला तरी स्क्रू उलटा फिरत नाही.)

आता कटर जॉबला किती ढकलतो ते पाहू. मोटर अर्ध्या अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे ३७५ वॅटची आहे. कटरचा व्यास १६ मि.मी. आणि फेरे मिनिटाला ५००. तर त्याच्या दातांचा वेग सेकंदाला सुमारे ०.४२ मीटर होतो. शक्ती भागिले वेग म्हणजे बल. मोटरची सगळी शक्ती कटरपर्यंत पोचली असे मानले, तरी हे बल सरासरी ९०० न्यूटनच्या आसपास येते. जबडा आणि जॉब यांमधील घर्षणांक ०.१५ धरला, तर दोन्ही जबडे मिळून २ × ०.१५ × ७,५०० म्हणजे २,२५० न्यूटनपर्यंत विरोध करू शकतात. कटरचे दात ठोके देत कापतात, म्हणून थोडी जास्त पकड हवीच. ती इथे आहे. तेव्हा पकड अपुरी पडते, हा माझा तर्क साफ चुकला होता.

मग घडते काय? स्क्रू जबड्याला ढकलतो तळापाशी. जॉब असतो त्याच्या वर, समजा ३५ मि.मी. उंचीवर. म्हणजे खाली एका दिशेने बल आणि वर विरुद्ध दिशेने तेवढीच प्रतिक्रिया. परिबल झाले ७,५०० × ०.०३५, सुमारे २६० न्यूटन-मीटर. दांड्यावर आपण दिलेले परिबल होते अवघे ३०! त्याच्या आठ-नऊ पट परिबल जबड्याला मागे कलंडवू पाहते. जबडा मागे कलला की त्याची पुढची, म्हणजे जॉबकडची बाजू वर उचलली जाते. तिला खाली धरून ठेवते ती जबड्याच्या तळाला स्क्रूंनी बसवलेली एक पट्टी. जबडा सरकायचा तर तिथे थोडी फट ठेवावीच लागते. ती ०.०५ मि.मी. असली तरी जबडा तेवढा उचलला जातोच. शिवाय आवळावे तशी ती पट्टी वाकते आणि तिचे स्क्रू ताणले जातात. म्हणून मी जितका जोर करत होतो, तितका फरक वाढत होता.

जबडा उचलला जाताना जॉबलाही वर घेतो. घर्षण ०.१५ × ७,५०० म्हणजे ११०० न्यूटनांहून अधिक वरच्या दिशेला लागू शकते. माझ्या ठोकळ्याचे वजन जेमतेम एक न्यूटन! सरकत्या जबड्याकडची कड वर उचललेली असताना कटर सपाट फिरला, म्हणजे त्या कडेचा धातू जास्त कापला जाणार हे उघडच आहे.

यावर चांगला उपाय असा की, जबडा पुढे ढकलणारे बलच तिरपे करायचे. अमेरिकेतील मिनिआपोलिस येथील कर्ट कंपनीचा ‘अँगलॉक’ व्हाइस यासाठी प्रसिद्ध आहे. त्यात स्क्रूवरच्या नटाला उतरता खांदा असतो, आणि नट व जबडा यांच्यामध्ये एक अर्धगोल बसवलेला असतो. नट पुढे आला की उतारामुळे जबडा पुढे तर ढकलला जातोच, शिवाय खालीही दाबला जातो. उतार ४५ अंशांचा असेल आणि घर्षण सोडून दिले, तर दोन्ही घटक सारखेच. पाचर लाकडात शिरताना आडवे बल देते, तोच हा प्रकार. या धर्तीचे व्हाइस आता अनेक देशांत तयार होतात.

घरच्या छोट्या मशीनला याहून स्वस्त आणि मला अधिक पसंत असलेला प्रकार म्हणजे टूलमेकर व्हाइस. त्यात लांब आडवा स्क्रू नसतोच. तळातील खाचांमध्ये एक आडवी पिन अडकवतात आणि तिरपा बोल्ट त्या पिनेच्या आधारे जबड्याला पुढे व खाली ओढतो. जॉबचे माप बदलले की पिन दुसऱ्या खाचेत सरकवावी लागते, हा थोडा त्रास. पण हा व्हाइस बुटका असतो. लहान मशीनवर टेबल आणि कटर यांमध्ये जागा अपुरी असते, तिथे बुटकेपणाचे मोल फार. फिरता तळ असलेला व्हाइस दिसायला रुबाबदार खरा. पण त्याने उंची वाढते आणि आणखी एक सांधा मध्ये येतो. कोनातले काम क्वचितच करणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये. ड्रिल मशीनचा हलका व्हाइस तर मिलिंगला वापरूच नका. ड्रिलचा जोर मुख्यतः खाली असतो, म्हणून त्याचा सरकता जबडा सैल असला तरी चालते. कटरचा जोर आडवा असतो, आणि सुटलेला जॉब अंगावर येतो.

दुकानात घ्यायची परीक्षा अगदी सोपी आहे. जबडे तीन-चार सें.मी. उघडा, सरकता जबडा हाताने धरून वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर पुढचा हिशेब तुम्हाला ठाऊकच आहे. मग एक चौरस ठोकळा मागा. त्याच्या चारही कोपऱ्यांखाली पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या ठेवा आणि जबडे आवळा. चारही पट्ट्या ओढून निघाल्या नाहीत, तर व्हाइस घेण्याजोगा. सरकत्या जबड्याकडच्या दोन पट्ट्या सहज निघून आल्या, तर किंमत कितीही कमी असो, परत ठेवा. शाळेच्या कार्यशाळेत बेंच व्हाइस असेल तर तुम्हीही एक पडताळा घेऊ शकाल: लाकडाची पट्टी जबड्यांच्या अगदी वरच्या कडेला धरून आवळा, आणि जबड्यांमधले अंतर वर व खाली मोजून पाहा.

मी नवा व्हाइस घेतला तो पुढे. चौथ्या ठोकळ्यापुरती जुन्यावरच एक युक्ती केली. सरकता जबडा आणि ठोकळा यांच्यामध्ये, ठोकळ्याच्या निम्म्या उंचीवर, एक गोल सळई आडवी धरली. आता जबडा ठोकळ्याला एका रेषेतच टेकत होता. तो कलला की सळई जराशी गडगडे, ठोकळा मात्र स्थिर जबड्याला सपाट चिकटून राही. सळईने पकड थोडी कमी होते, म्हणून काप हलके घेतले. मायक्रोमीटरवर दोन कडांतला फरक आला ०.०१ मि.मी.