घरातली पवारणा : वर्षअखेरीचा शरीराचा हिशेब

डिसेंबर महिना आपल्या वस्त्यांमध्ये भराभर सरतो. ६ तारखेला महापरिनिर्वाण दिन, २५ तारखेला मनुस्मृती दहनाचा स्मृतिदिन, आणि लगेच १ जानेवारीला भीमा कोरेगावचा विजयस्तंभ. मधल्या काळात कुणाच्या तरी घरी लग्न असते, मुलांच्या परीक्षा असतात. ३१ तारखेच्या रात्री संकल्प केले जातात. रोज चालायचे, गोड बंद, तंबाखू बंद. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यातले बहुतेक संकल्प कुणाच्या लक्षातही नसतात.

असे का होते? संकल्प करण्याआधी सरत्या वर्षाचा हिशेब झालेला नसतो, हे पहिले कारण. आणि झालाच तर तो एकट्याने, मनातल्या मनात होतो. माणूस दुकानदाराची उधारी पैशापैशाने लक्षात ठेवतो, पण आपला रक्तदाब शेवटचा कधी मोजला हे विचारले तर 'मागे एकदा पाहिला होता, ठीक होता' एवढेच सांगतो. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत प्रत्येकजण स्वतःला फार सवलत देतो.

धम्मात या सवलतीवर एक जुना उपाय आहे. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूसंघ एका जागी वर्षावास करतो. वर्षावास संपला की पवारणा होते. विनयपिटकातील महावग्गात तिचा विधी सांगितला आहे. प्रत्येक भिक्खू संघापुढे बसून विनंती करतो की, माझ्या वागण्यात तुम्ही काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तुम्हाला तशी शंका आली असेल, तर माझ्यावर करुणा करून मला सांगा. संयुत्त निकायात तर असा प्रसंग आहे की, श्रावस्तीच्या पूर्वारामात स्वतः तथागतांनीच भिक्खूंना विचारले : माझ्या कायेच्या किंवा वाचेच्या वागण्यात तुम्हाला काही खटकले का? तथागत असे विचारू शकतात, तर आपण आपल्या घरातल्या माणसांना विचारायला लाजण्याचे कारण नाही.

म्हणून यंदाच्या डिसेंबरात एका संध्याकाळी टीव्ही बंद ठेवून घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे आणि प्रत्येकाने बाकीच्यांना विचारावे, 'या वर्षभरात माझ्या तब्येतीत तुम्ही काय पाहिले, काय ऐकले, आणि कशाची शंका आली?' आरोग्यासाठी हे तीन प्रश्न किती नेमके आहेत ते पाहू.

पाहिलेले आधी घेऊ. बायको म्हणेल, 'तुम्ही रात्री तीन-तीनदा लघवीला उठता, पाण्याचा तांब्या संपवता.' मुलगी म्हणेल, 'पप्पा, पायाची जखम दिवाळीपासून भरत नाही.' ही मधुमेहाची चिन्हे असू शकतात. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर तो इशारा समजावा आणि १२६ किंवा अधिक असेल तर पुन्हा तपासून उपचार सुरू करावेत. रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्यावर राहत असेल तर 'मला काही होत नाही' या उत्तराला अर्थ नाही. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच त्रास देत नाही. तो थेट पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आणतो.

गुटखा, खर्रा खाणाऱ्या तरुणाला आईने तोंड उघडायला लावावे. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, तिखट सोसत नसेल, आतून पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, तोंडातला फोड दोन-तीन आठवड्यांत बरा होत नसेल, तर दंतवैद्याकडे त्याच आठवड्यात जावे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि पुडी कुठे मिळते हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. बंदीच्या भरवशावर आपल्या मुलांचे तोंड सोडून चालणार नाही.

आता घरातल्या बाईकडे. तिच्याकडे कुणी पाहिलेलेच नसते, कारण पाहण्याचे काम तीच करते. जिना चढताना धाप लागणे, नखे आणि पापण्यांची आतली बाजू फिकट दिसणे, सतत थकवा, आणि माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे. हे शेवटचे ऐकून घरात हसतात. ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली गेले तर तो रक्तक्षय. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर घेतल्या तर अंगी लागतात, चहा किंवा दुधाबरोबर घेतल्या तर बऱ्याचशा वाया जातात. हिमोग्लोबिन वाढल्यावरही त्या साधारण तीन महिने चालू ठेवाव्या लागतात, हे अनेकींना सांगितलेच जात नाही. आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणे ही रीत आपल्या घरांत अजून आहे. स्त्रीमुक्तीचे भाषण ऐकून आल्यावर तरी त्या रात्री सर्वांनी एकत्र जेवावे.

विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. सिकलसेल आपल्या समाजात आहे, आणि हिवाळ्यात या रुग्णांची दुखणी वाढतात. लग्नाची बोलणी सुरू असतील तर मुलगा-मुलगी दोघांचीही चाचणी आधी करावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक असणे हा आजार नाही, कमीपणा तर नाहीच. कुंडली टाकून दिलेल्या समाजाने ही एक पत्रिका तेवढी जरूर जुळवावी.

ऐकलेल्यात येते घोरणे. मोठ्याने घोरता घोरता श्वास काही क्षण थांबतो, मग माणूस दचकून श्वास घेतो, आणि दिवसा कामावर डुलक्या येतात. हे झोपलेल्याला स्वतःला कधीच कळत नाही, शेजारी झोपणाऱ्यालाच कळते. असा माणूस वाहन चालवत असेल तर डॉक्टरांना दाखवण्याची घाई करावी. खोकलाही ऐकूच येतो. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळी बारीक ताप, उतरलेले वजन असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, क्षयाचे औषधही मोफत मिळते. लोक काय म्हणतील म्हणून खोकला लपवणारा माणूस तो आजार घरातल्या लहान मुलांना देऊ शकतो.

तिसरा प्रश्न शंकेचा, आणि तोच अवघड. मोठा मुलगा गप्प झाला आहे, पूर्वी वाचनालयात जायचा तो आता दिवसभर झोपून असतो. स्पर्धा परीक्षेचे तिसरे वर्ष गेले. किंवा वहिनी सासूच्या जाण्यापासून जेवत नाही. उदासी, झोप मोडणे, कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर त्याला आळस किंवा नखरा म्हणू नये. 'जगण्यात अर्थ नाही' असे कुणी बोलले तर विषय बदलू नये. जीव द्यावासा वाटतो का, असे सरळ आणि मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत खोटी आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो. मग त्याला एकटे सोडू नये. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते.

शंकेतच दारूही येते. बावीस प्रतिज्ञांतली सतरावी प्रतिज्ञा आपण सर्वांनी घेतली आहे, पाचवे शील रोज म्हणतो, तरी कुठल्या घरात काय चालते ते वस्तीला माहीत असते. येथे एक महत्त्वाची सूचना आहे. जो माणूस वर्षानुवर्षे रोज पितो, त्याने १ जानेवारीला एकदम, घरच्या घरी दारू सोडणे धोक्याचे असते. एक-दोन दिवसांत हात थरथरतात, घाम येतो, झटके येऊ शकतात, भास होतात, आणि वेळीच उपचार न मिळाल्यास जीवही जातो. घरचे लोक याला 'दारूसाठी नाटक' म्हणतात. दारू सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्यांच्या आधाराने. तंबाखूचे तसे नाही, ती एकदम सोडली तरी जिवाला धोका नसतो, चिडचिड होते ती काही आठवड्यांत ओसरते. त्यासाठी १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते.

सांगायचे कसे, यावरही तथागतांनी नियम घालून दिले आहेत. दुसऱ्याचा दोष सांगणाऱ्याने योग्य वेळी, खरे तेच, सौम्य शब्दांत, त्याच्या हिताचे आणि मैत्रीच्या चित्ताने सांगावे. म्हणजे पाहुण्यांसमोर नाही, पिऊन आला असताना नाही, आणि 'तुमच्या बापाचेही असेच होते' असे तर मुळीच नाही. ऐकणाऱ्यानेही त्या संध्याकाळी उत्तर देऊ नये. 'साधु' म्हणावे आणि वहीत लिहावे.

ही वही महत्त्वाची. दोनशे पानी कशाला, एक पान पुरते : तारीख, वजन, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, चालू गोळ्यांची नावे, कोणी काय सांगितले. पुढच्या डिसेंबरात हेच पान उघडायचे.

त्या पानावर बरे झालेलेही लिहावे. मज्झिम निकायात तथागत राहुलला उपदेश करतात की, केलेल्या कर्माकडे मागे वळून पाहा. ते अहिताचे असेल तर जाणत्या सोबत्यापुढे उघड करून पुढे आवर घाल. हिताचे असेल तर त्याच आनंदात राहा आणि पुढे शिकत राहा. हा दुसरा भाग आपण विसरतो. काकूंनी मिश्री सोडून आठ महिने झाले, कुणी नियमाने गोळी घेतली, कुणी शोकातून उठून पुन्हा विहारात यायला लागले, हे या वर्षाचे कमावलेले आहे. रात्री अंथरुणात 'मी असाच का, माझे असेच होणार' हे घोळवत राहणे म्हणजे आत्मपरीक्षण नव्हे, त्याने झोप जाते आणि रक्तदाब वाढतो. ज्या विचारातून उद्या करायचे एखादे काम निघते तो हिशेब, बाकीचे कुढणे.

आणि संकल्प? एकच, लहान. कोसलचा राजा पसेनदी फार खात असे, जेवला की त्याला धाप लागे. तथागतांनी त्याला मात्रेत खाण्याबद्दल एक गाथा सांगितली. राजाने एका तरुणाला ती पाठ करायला लावली आणि जेवणाच्या वेळी म्हणायला नेमले. रोजची मजुरी दिली. राजाचे खाणे हळूहळू कमी झाले, अंग हलके झाले. हळूहळू, आणि आठवण देणारे माणूस शेजारी असताना. राजाला त्यासाठी पैसे मोजावे लागले. आपल्याकडे हेच काम बायको फुकट करते आणि वर बोलणी खाते.

आपल्या कार्यकर्त्यांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे. बाबासाहेबांनी मधुमेह आणि पायांच्या असह्य दुखण्यातही काम केले, मग आम्ही काय तपासण्या करत बसायच्या, असे अनेकजण अभिमानाने म्हणतात. बाबासाहेब गेले तेव्हा ६५ वर्षांचे होते. नागपूरच्या दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. त्यांच्यावर उपचार सुरूच होते, आणि घरात माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. आजाराला न जुमानता ते झटले ते कोट्यवधींसाठी. त्यांचे नाव घेऊन मोर्च्यात उभ्या राहणाऱ्याने बीपीची गोळी चुकवणे यात त्यांचे अनुकरण कुठे आहे? चळवळीला ती दहा वर्षे आणखी मिळाली असती तर, हा विचार प्रत्येक ६ डिसेंबरला मनात येतोच.

जे १ जानेवारीला भीमा कोरेगावला निघणार आहेत त्यांनी दोन दिवसांच्या गोळ्या पिशवीत नाही, खिशात ठेवाव्यात. गर्दीत पिशवी हरवते. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण चुकवू नये, खडीसाखर जवळ असावी. हातपाय थरथरून घाम सुटला, डोके हलके झाले तर ती लगेच तोंडात टाकावी आणि सोबत्याला सांगावे. मधुमेहींनी अनवाणी चालू नये. पिण्याचे पाणी घरून भरून न्यावे, आणि म्हाताऱ्या माणसांच्या खिशात घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.